गावचं रान आणि कायदा: विदर्भातल्या नवख्यांसाठी पायरी-पायरीनं

ग्रामपंचायतीत नव्यानं निवडून आलेली ताई, शिक्षण संपवून वावराकडे परतलेला पोरगा, नागपूर-अमरावतीहून गावात कामाला आलेला कार्यकर्ता, किंवा ज्याचं नाव कुणीतरी परस्पर जैवविविधता समितीत टाकून ठेवलंय असा माणूस. या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. गावाशेजारचं रान, बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाळीवरची झाडं, चराईचं गवत राखायला कायदे आहेत म्हणतात. पण ते लागतात कुठे, आणि हातात कागद कोणता घ्यायचा?

कायदे भरपूर आहेत. भारतीय वन अधिनियम १९२७चा, वन्यजीव संरक्षण १९७२चा, वनसंवर्धन १९८०चा, जैविक विविधता २००२चा, वनहक्क २००६चा. पण ही यादी पाठ करून गावात काही हलत नाही. मोहाचं झाड वावराच्या धुऱ्यावर (बांधावर) असेल तर त्याला एक कायदा लागतो, गायरानात असेल तर दुसरा, राखीव वनात असेल तर तिसरा. म्हणून सुरुवात झाडापासून करू नका, जमिनीच्या नोंदीपासून करा. बहुतेक गावांची धडपड इथेच फसते: अर्ज मनापासून लिहिलेला असतो, पण चुकीच्या कचेरीत पडलेला असतो.

आधी जमीन ओळखा

पटवाऱ्याकडे जा. सरकारनं आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी केलंय, पण गावात पटवारी म्हटलं तरी तेच कळतं. त्यांच्याकडे फक्त सातबारा मागू नका. गाव नमुना १ आणि त्याच्या पोटातल्या नोंदवह्या बघायला मागा: १-अ मध्ये वनजमिनी, १-ब मध्ये कुणाच्या भोगवट्यात नसलेल्या सरकारी जमिनी, १-इ मध्ये अतिक्रमणं. सोबत गावनकाशाची प्रत घ्या आणि प्रत्येक गटावर वेगळ्या रंगाची पेन्सिल फिरवा. गावात कुठे काय आहे हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण नोंदीत काय आहे हे बघितलं की भले भले चाट पडतात. ज्याला सगळे गायरान म्हणत आले ते नोंदीत झुडपी जंगल निघतं, आणि ज्याला वनविभागाचं समजून कुणी हात लावत नव्हतं ते महसूलचं.

इथे विदर्भाचे दोन भाग लक्षात ठेवा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा मालगुजारीचा मुलूख, म्हणजे पूर्वी मालगुजार गावाचा सारा गोळा करत तो. तिथे जुनं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असतात. गावानं सरपण कुठून आणायचं, ढोरं कुठे चारायची, पाणी आणि वाट कुठली, हे त्यात लिहिलेलं असतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये या दोन्ही कागदांची तरतूद आहे, म्हणजे ते केवळ जुनं बाड नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम हा वऱ्हाडाचा भाग रयतवारीतला, म्हणजे सारा शेतकरी थेट सरकारला भरत तो. तिथे चराईच्या सरकारी जमिनीला लोक ई-क्लास म्हणतात. निस्तार पत्रकाची नक्कल मिळाली तर जपून ठेवा, पुढे वनहक्काच्या दाव्यात तीच सोन्यासारखी उपयोगी पडते.

गायरान असेल तर आणखी एक आधार आहे. जगपाल सिंह विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ रोजी गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, आणि त्यावरून महाराष्ट्र सरकारनं त्याच वर्षी १२ जुलैला शासन निर्णय काढला. गायरानावर कुणी तार-कुंपण टाकायला लागला तर अर्जात या दोन तारखा लिहा. अर्जाचं वजन लगेच वाढतं.

झुडपी जंगलाचं काय?

यावर जरा थांबतो, कारण पूर्व विदर्भात सगळ्यात जास्त गोंधळ याचाच आहे.

झुडपी जंगल म्हणजे मध्य प्रांताच्या काळापासून महसूल नोंदीत आलेली मुरमाड, हलकी जमीन. तिथे बोर, हिवर, खैर, भराटी, कुठे पळस, पावसाळ्यात तरोटा आणि गवत. सागाचं जंगल बघून आलेल्या डोळ्याला ही जमीन पडीकच वाटते. म्हणूनच पन्नास-साठ वर्षं तिच्यावर शाळा, स्मशानभूमी, घरकुलं, रस्ते, कधी कचेऱ्या असं जे जे बसवायचं ते बसवलं गेलं. पण तितर-लाव्यांची घरटी याच झुडपांत असतात, गावची शेळी यावरच जगते आणि पावसाचं पाणी इथेच मुरतं.

१२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वन म्हणजे केवळ अधिसूचित वन नव्हे. सरकारी नोंदीत वन म्हणून असलेली जमीनही त्यात येते. तेव्हापासून झुडपी जंगल वन की वन नाही हा वाद चालू होता. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाली काढला. विदर्भातल्या या सहा जिल्ह्यांमधली झुडपी जंगलं वनच मानायची. ८६ हजार हेक्टरांहून जास्त जमिनीचा प्रश्न होता. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्यानं दिलेल्या जागांवर राहणाऱ्यांना एकवेळची मोकळीक आहे, म्हणजे राज्यानं केंद्राकडे प्रस्ताव पाठवून त्या जागा नियमित करून घ्यायच्या. त्यामुळे गावात 'आता सगळ्यांची घरं पाडणार' असं कुणी उठवत असेल तर त्याला हे सांगा.

तुमच्या कामाचा भाग पुढे आहे. तीन हेक्टरांपेक्षा लहान आणि कुठल्याही वनाला लागून नसलेले तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करायला न्यायालयानं सांगितलंय, आणि तिथे पुढे अतिक्रमण होऊ न देण्याची जबाबदारी उपविभागीय दंडाधिकाऱ्यावर टाकलीय. गावात असे तुकडे कुठे कुठे आहेत त्याची गट क्रमांकानिशी यादी करा, ग्रामसभेत वाचा आणि उपविभागीय अधिकाऱ्याला पाठवा. यादी तुमच्याकडून गेली की 'अशी जमीन आमच्या लक्षात आली नाही' हे उत्तर संपतं.

वनजमिनीवर वनेतर काम करायचं असेल तर केंद्राची आधी मंजुरी लागते. हा १९८०चा कायदा. २०२३ पासून त्याचं नाव वन (संरक्षण एवम् संवर्धन) अधिनियम झालंय. मात्र गावाच्या गरजेची अंगणवाडी, शाळा, लहान तलाव, रस्ता अशी १३ प्रकारची कामं वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली होऊ शकतात. अट अशी की दर कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. ठेकेदार घाईत असला तरी ही शिफारस आंधळेपणानं देऊ नका. पंच्याहत्तर झाडं पडणार की पाच, हे जागेवर जाऊन मोजा.

धुऱ्यावरचं झाड तोडायचंय?

शहरातले लोक वृक्ष प्राधिकरण, पन्नास वर्षांचा वारसा वृक्ष वगैरे सांगतात. तो १९७५चा कायदा नागरी भागासाठी आहे. तुमच्या खेड्यात लागतो तो महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४. त्याच्या अनुसूचीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी आहेत. यातलं झाड तुमच्या मालकीच्या वावरात असलं, आजोबांनी लावलेलं असलं, तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. चौकशी तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात सुरू करा. चालू सातबारा, नकाशा, झाडांची संख्या आणि घेर, तोडण्याचं कारण हे सोबत लागतं. साग जंगलाच्या हद्दीजवळ असेल तर मोजणीही मागतील, कारण झाड तुमचं की वनाचं यावरच सगळं अडतं. तोडल्यावर लाकूड हलवायला वाहतूक परवाना लागतो, तो वेगळा.

शेतकरी अनुसूचित जमातीचा असेल तर त्याच्या झाडांच्या विक्रीला १९६९चा स्वतंत्र कायदा आहे. गोंड, कोलाम, कोरकू शेतकऱ्यांच्या बांधावरचा साग व्यापारी मातीमोल भावानं नेत, त्याला आळा घालायला तो आला. 'सही कर दादा, बाकी सगळं मी बघतो' म्हणणारा कुणी दारात आला तर आधी हा कायदा आठवा.

अनुसूचीत काय नाही तेही बघा. पळस नाही, धावडा नाही, सालई नाही, बोर नाही, वड-पिंपळ-कडुनिंब नाहीत. म्हणजे इथल्या रानाचा अर्धा कणा या कायद्याबाहेर आहे. खासगी धुऱ्यावर त्यांना वाचवायला जवळजवळ काहीच नाही. तिथे शेतकऱ्याशी बोलणं हाच उपाय. सरकारी जमिनीवर, पांदणीच्या कडेला मात्र जमीनच वेगळी असल्यानं तोडणाऱ्याला परवानगी विचारता येते. पांदण रस्त्याचं खडीकरण आलं की दोन्ही कडांची झाडं जेसीबी एका दुपारी उपटतो. काम सुरू व्हायच्या आधी अंदाजपत्रक मागून त्यात किती झाडं धरलीत ते बघा. नंतर बघून उपयोग नाही.

जैवविविधता समिती जागी करा

२००२च्या जैविक विविधता कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तुमच्याही गावात ती आहे, नक्की आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं मुदत घातल्यावर राज्यभर धडाक्यात कागद तयार झाले. ग्रामपंचायतीच्या कपाटात समितीचा ठराव आणि लोकजैवविविधता नोंदवही दोन्ही सापडतील. नोंदवही उघडून बघा. शेजारच्या तीन गावांची नोंदवही एकसारखी असेल, आणि मुरमाड माळावरच्या गावात कोकणातलं झाड नोंदलेलं असेल, तर ती कुणी कशी भरली हे सांगायला नको.

नव्यानं भरण्याचा हक्क तुम्हाला आहे. २०२३च्या सुधारणेनंतर समितीत सात ते अकरा सदस्य असतात. पक्षाचे गट मोजून नावं घालू नका. गावची सुईण, गायकी (गुराखी), वैदू, मासे मारणारा ढिवर किंवा भोई, मोहफुलं वेचणाऱ्या बाया, बियाणं राखणारी एखादी म्हातारी, आणि लिहिता येणारा एक तरुण एवढं असलं की काम चालतं. सचिव बहुतेक ठिकाणी ग्रामसेवकच असतो. त्याच्याकडे आधीच पाच समित्या असतात, तेव्हा वही लिहिण्याची आशा त्याच्यावर ठेवू नका.

वही भरायला घरात बसू नका. सकाळी ढोरं निघतात तेव्हा गायक्यासोबत निघा. त्याला विचारा: ढोरं आधी कशावर तुटून पडतात? पवन्या, मारवेल कुठे उरलंय आणि कुसळ कुठे माजलंय? कोणत्या जागी गवताऐवजी रायमुनिया (घाणेरी) आणि रानतुळस आली, आणि ती कधीपासून? माहीतगार लोक झाडं लिहितात, पक्षी लिहितात. गवत कुणी लिहीत नाही. आणि चराईचा हक्क सांगायला नेमकं गवतच लागतं.

एका पानाचा नमुना सांगतो. वर लिहा: मोह. खाली गावातलं नाव, गोंडी-माडिया, कोलामी किंवा कोरकू नाव असेल ते. जागा: बोडीची पाळ, अमुक गट, जुनी झाडं इतकी, त्याखाली रोपं आहेत की नाहीत. फुलं केव्हापासून केव्हापर्यंत पडतात. कोण वेचतं, किती घरं. बियांचं तेल अजून कुणी काढतं का. वेचण्याआधी खालचा पाला जाळतात का. मागच्या पिढीपेक्षा झाडं वाढली की घटली, आणि का. एवढं लिहिलं की कळतं: सगळी झाडं म्हातारी आणि खाली एकही रोप नाही, कारण दर वर्षीची आग आणि चराई. अशी चार पानं खरी असली तर ती चारशे छापील पानांपेक्षा ग्रामसभेत जास्त कामाची.

पिकांचे वाणही याच वहीत येतात. भंडारा-गोंदियाकडचा चिन्नोर, लुचई, हिरानक्की असे धान, भिवापूरची मिरची, वर्ध्याकडची गवळाऊ गाय, नागपुरी म्हैस. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ पासून आपल्या दीड-दोन एकरांत निवड करत एचएमटी हा धान उभा केला. तो देशभर पेरला गेला. दादाजींच्या पदरात मात्र फार थोडं पडलं, आणि २०१८ मध्ये ते गेले. तुमच्या गावात कुणी वाण जपला असेल तर पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ खाली त्याची शेतकऱ्याचा वाण म्हणून नोंदणी करता येते. शेतकऱ्याला त्यासाठी फी नाही.

वैदूच्या ज्ञानाबाबत सावध राहा. कोणती मुळी कशावर चालते हे वहीत लिहिताना त्याची परवानगी घ्या, आणि नेमकं प्रमाण, कृती त्याला सांगायची नसेल तर लिहू नका. वही सार्वजनिक झाली की ते ज्ञान मोकळं झालं. २०२३च्या सुधारणेत ग्रंथांत आलेल्या, संहिताबद्ध ज्ञानाचा वापर करणाऱ्यांना बऱ्याच सवलती मिळाल्यात. जे ग्रंथात नाही, फक्त वैदूच्या डोक्यात आहे, ते राखायची जबाबदारी त्यामुळे गावावरच जास्त आलीय.

समितीला अधिकार किती? व्यापारासाठी कुणी तुमच्या हद्दीतून बेहडा, आवळा, डिंक, मुसळी असं काही गोळा करून नेत असेल तर त्याच्याकडून संकलन शुल्क घेता येतं, ते स्थानिक जैवविविधता निधीत जमा होतं. गावच्याच लोकांना, वैदूंना हे लागू नाही. हद्दीतल्या जैविक साधनांच्या वापराबद्दल निर्णय घेताना राज्य मंडळानं समितीचा सल्ला घ्यायचा असतो. हे राज्य मंडळ आपल्या नागपुरातच आहे, २०१२ पासून. मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत, एवढं तरी विदर्भाच्या पदरात पडलंय.

गावात खरोखर जुनं, दुर्मीळ असं रान असेल तर कलम ३७ खाली जैवविविधता वारसा स्थळ मागता येतं. गडचिरोलीतलं आलापल्लीचं जुनं सागाचं रान २०१४ मध्ये असं जाहीर झालं. प्रत्येक देवराईसाठी हा मार्ग धरायची गरज नाही. पुष्कळदा पुढची पायरी जास्त कामाची ठरते.

वनाला लागून गाव असेल तर सामूहिक वनहक्क

माझ्या मते या सगळ्या कायद्यांत गावाला खरा अधिकार देणारा कायदा हाच. बाकीचे कायदे गावाला सल्ला विचारतात. हा गावाला व्यवस्थापन देतो. २००६च्या वनहक्क कायद्यातल्या कलम ३(१)(झ) प्रमाणे ग्रामसभेला आपल्या पारंपरिक हद्दीतलं वन राखण्याचा, त्याचं पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क मिळतो. कलम ५ ग्रामसभेला वन्यजीव, वन आणि जैवविविधतेचं रक्षण करण्याचे अधिकार देतं. धानोरा तालुक्यातल्या लेखा (मेंढा) गावानं २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर हा हक्क मिळवला. मर्दा गावही त्याच वेळी. २०११ मध्ये मेंढ्याच्या ग्रामसभेला बांबूचे वाहतूक परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं हक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, कारण तेंदूसाठी फांद्या छाटतात आणि रानाला आग लावतात. हातचा पैसा सोडून केलेलं हे संवर्धन आहे. मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीरनं उजाड टेकडी राखून सीताफळं विकली.

करायचं कसं? ग्रामसभा बोलवा. ग्रामपंचायतीची नव्हे, वस्तीची, टोल्याची सुद्धा चालते. सभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडा. त्यात किमान एक तृतीयांश महिला, आणि जिथे अनुसूचित जमातीचे लोक आहेत तिथे किमान दोन तृतीयांश सदस्य त्यांच्यातले. सामूहिक वनसंसाधनाचा दावा नमुना 'ग' मध्ये भरतात. वैयक्तिक शेतीचा दावा 'क' मध्ये असतो, त्याची गल्लत करू नका. पुरावे किमान दोन: निस्तार पत्रक, जुने नकाशे, गॅझेटियर, वनविभागाची कार्य आयोजना, देवस्थानं, मसणवट्या, जुन्या पाऊलवाटा, आणि म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब. हद्द शेजारच्या गावासोबत चालून ठरवा आणि त्यांच्या सह्या घ्या. या चालण्यात वर्षानुवर्षांची भांडणं वर येतात, पण ती नंतर कचेरीत येण्यापेक्षा आधी रानात आलेली बरी. मग दावा उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. नामंजूर झाला तर लेखी कारण मागा. अपिलाला साठ दिवस असतात.

हक्क मिळाल्यावर काम संपत नाही. नियम ४(१)(ङ) खालची समिती नेमायची असते. रानाचा आराखडा, चराईचे पट्टे, आगीची राखण, वेचणीचे नियम ती ठरवते. गावात आधीच संयुक्त वनव्यवस्थापन समिती असेल तर दोन्ही एकच समजू नका. ती वनविभागाची योजना, ही कायद्यानं आलेली ग्रामसभेची समिती.

गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, अमरावती जिल्ह्यांच्या काही भागांत पेसाही (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) लागू आहे. तिथे ग्रामसभेचा शब्द आणखी वजनदार असतो. राज्याचे पेसा नियम २०१४चे आहेत, ते ग्रामपंचायतीत मागून वाचा.

रोपं लावताना कायदा बोलतो का?

पावसाळा आला की वृक्षारोपणाचा ट्रक येतो. त्यात गिरीपुष्प, सुबाभूळ, निलगिरी, काशीद, कधी गुलमोहर. गायरानाचं गवत उपटून खड्डे होतात आणि पुढच्या होळीला काड्या उरतात. याविरुद्ध थेट कायदा शोधाल तर हाती फारसं लागत नाही. पण राष्ट्रीय वन धोरण, १९८८ स्पष्ट सांगतं की तज्ज्ञांच्या दीर्घकालीन चाचण्यांत योग्य ठरल्याशिवाय आणि देशी वनस्पतींना अपाय होत नाही हे सिद्ध झाल्याशिवाय परकी जाती आणू नयेत. धोरण म्हणजे कायदा नव्हे, त्यावर खटला उभा राहणार नाही; ग्रामसभेच्या ठरावात मात्र ते वाक्य बसतं. ठरावात पुढे आपल्या जाती लिहा: मोह, चार, बेहडा, बिबा, कुसुम, आवळा, कहू. आणि गायरानाचा एक भाग 'गवतासाठी राखीव, खड्डे खणू नयेत' असा गट क्रमांकानिशी. कॅम्पाच्या (वनजमीन दुसऱ्या कामाला दिल्याच्या भरपाईत जमलेल्या निधीच्या) पैशातून वनविभाग काम करणार असेल तर ग्रामसभेशी सल्लामसलत अपेक्षित आहे. तेव्हा हाच ठराव पुढे करा.

बेशरम आणि रायमुनिया काढायलाही कुणाची फार परवानगी लागत नाही गावाच्या जमिनीवर. वनात मात्र वनविभागाला सोबत घ्या, नाहीतर झुडूप तोडल्याचा गुन्हा तुमच्याच माथी येईल.

पाणी आणि प्राणी, थोडक्यात

मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या यांच्याबाबत एक फसगत टाळा. २०१७च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी बांधलेले तलाव बसत नाहीत. त्यामुळे 'पाणथळ जागा' म्हणून अर्ज केलात तर तो परत येईल. तलाव महसूल नोंदीत कुणाचा, पाळ कुणाची, निस्तार काय, यावर बोला. लोणारची गोष्ट वेगळी. ते २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

वन्यजीव कायद्याला जंगलाची हद्द नसते. घोरपड, खवल्या मांजर तुमच्या वावरात मारलं तरी गुन्हा तोच. घरात पिंजऱ्यातला पोपटही बेकायदा, हे ऐकून गावात हसतात, पण खरं आहे. कुंपणात वीज सोडणं तर माणसाच्याही जिवावर येतं.

काही चुकीचं घडताना दिसलं तर

पहिल्यांदा फोटो, तारीख, गट क्रमांक, आणि शक्यतो फोटोत ओळखू येणारी एखादी खूण. मग बीटगार्डला (वनरक्षकाला) कळवा, आणि त्याला कळवल्याची नोंद ठेवा. राज्याच्या वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. तिथे तक्रार क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. महसूल जमीन असेल तर तहसीलदार. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका. पोच देत नसतील तर तोच कागद रजिस्टर पोस्टानं पाठवा.

उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप, अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर, उत्तराला तीस दिवस. 'का तोडलं' विचारू नका. 'परवानगीची प्रत द्या' मागा. परवानगी नसेल तर उत्तरातच केस उभी राहते. त्यानंतरचा दरवाजा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा, पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. कलम १४ खालचा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, तेव्हा कचेऱ्यांच्या चकरांत ती मुदत उलटू देऊ नका.

रात्री ट्रॅक्टर अडवायला एकट्यानं जाऊ नका. लाकूड आणि वाळू वाहणारी माणसं कोण असतात ते तुम्हाला माहीत आहे. तक्रारीवर एका पोराचं नाव असण्यापेक्षा ग्रामसभेचा ठराव, खाली वीस-पंचवीस सह्या आणि अंगठे असलेले बरे. ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या सभांची सूचना निघाली की आपला विषय आठवडाभर आधी लेखी द्या. ऐन वेळच्या विषयांत टाकला तर तो चहाच्या आधी संपतो आणि इतिवृत्तात उतरतच नाही. इतिवृत्ताची नक्कलही त्याच आठवड्यात मागून घ्या.